सद्भावनेचा रकाना

मी एकतीस वर्षं खिडकीमागे बसलो आहे. सरकारी कचेरी, गाड्यांची नोंदणी, खिडकी नंबर चार. खिडकीमागच्या माणसाची मर्जी ही काय चीज असते, ते मला कुणी शिकवू नये. तोच फॉर्म, तीच फी. पण मर्जीतला माणूस दहा मिनिटांत नंबरपाटी काखेत मारून बाहेर पडतो आणि मर्जीबाहेरचा तीनदा घरी जाऊन येतो. एकदा तारखेसाठी, एकदा शाईच्या रंगासाठी आणि एकदा उगाचच. मी स्वतः कधी कुणाकडून काही घेतलं नाही. एकदा एक डोनट घेतला होता, पण तो शिळा निघाला, म्हणून मी तो धरत नाही.

सल्ला देणं मात्र आम्हाला मना होतं. समोरचा माणूस चुकीच्या रकान्यात सही करायला निघाला, तरी तोंडाने 'तिथे नको' म्हणायचं नाही, असा नियम. मग मी काय करायचो, चष्म्यावरून त्याच्याकडे बघायचो आणि थांबायचो. बस्स. शहाणी माणसं त्या थांबण्याने सावध होत, पेन उचलत आणि पुन्हा वाचून बघत. बाकीचे सही ठोकून मोकळे होत. त्यांच्यासाठी मी मनात एक शब्द राखून ठेवला होता. तो एका लांब कानांच्या, ओझी वाहणाऱ्या प्राण्याचा होता.

तर असा मी, ऑरिन टिल्ब्री, वय सहासष्ट, निवृत्त. रीनोसारख्या जुगाराच्या शहरात उभा जन्म काढून कधी पत्त्यांच्या टेबलावर बसलो नव्हतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे खरं वाटत नाही. पण आमच्यासाठी कॅसिनो म्हणजे नाक्यावरचं पोस्ट. ते असतं, आपण त्यावरून जातो-येतो. मंगळवारी ज्येष्ठांना नाश्ता स्वस्त असतो म्हणून मंगळवारी आत जातो, अंडी खातो आणि बाहेर येतो.

या सरळ आयुष्यात काडी घातली ड्वेन किटलसनने. ड्वेन आमचा शेजारी. त्याच्या-आमच्यामध्ये कुंपण आहे, पण ते त्याच्या आवाजाला अडवत नाही. एका रविवारी तो कुंपणावर कोपरं टेकून माझ्या बायकोला, म्हणजे आर्डिथला, सांगत होता, "काल सिल्व्हर म्यूल कॅसिनोच्या वरच्या मजल्यावर जेवलो. खिडकीतलं टेबल. हा एवढा मांसाचा तुकडा, ताटाबाहेर लोंबत होता. बिल? बिल कसलं? खाली पत्ते वाटणाऱ्यांची आपल्यावर मर्जी आहे ना. त्यांनी साहेबाच्या कानात शब्द टाकला, साहेबाने चिठ्ठी लिहून दिली."

आर्डिथ मला काही म्हणाली नाही. संध्याकाळी बटाटे सोलताना ती बटाट्यांना म्हणाली, "अडतीस वर्षांपूर्वी आपण त्याच खिडकीत बसलो होतो, लग्नाच्या दिवशी. आता ती चिठ्ठीवाल्यांनाच देतात म्हणे."

लग्नाचा वाढदिवस अकरा आठवड्यांवर होता. "चिठ्ठी मी आणतो," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, याचा मी पुष्कळ शोध घेतला आहे.

"तू?" आर्डिथ म्हणाली आणि पुढचा बटाटा उचलला.

अडतीस वर्षांच्या संसारात मी अनेक 'तू' ऐकले आहेत. हा मला लागला.

दुसऱ्या दिवशी ड्वेनने मला कुंपणावरून दहा मिनिटांत ब्लॅकजॅक शिकवला. खेळ सोपा आहे. पैशांच्या बदल्यात चकत्या घ्यायच्या आणि त्या डावावर लावायच्या. आपल्या पानांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची. वर गेली की मेलात. पत्ते वाटणारी बाई स्वतःसाठीही पानं घेते, पण तिला स्वतःचं मन नाही. सोळापर्यंत तिने घेतलंच पाहिजे आणि सतराला थांबलंच पाहिजे. तिचं एक पान उघडं असतं, एक पालथं. मग ड्वेनने आवाज खाली आणला, म्हणजे तो फक्त दोन घरांपलीकडे ऐकू गेला.

"पण पत्त्यांत काही नाही, ऑरिन. सगळं वाटणाऱ्याच्या मर्जीवर. मर्जी असली की सावकाश वाटते, विचार करायला वेळ देते. तुझा हात चुकून हलला तर बघितलं नाही असं करते. साहेब फिरत आला की तुझ्याबद्दल दोन शब्द बरे बोलते. आणि मर्जी नसली तर पानं अशी भिरकावते, की तुझी बेरीज व्हायच्या आत तुझी चकती गेलेली असते."

"मग मर्जी मिळवायची कशी?"

"तुझ्या चकतीपुढे एक चकती तिच्या नावाने लाव. तू जिंकलास की तीही जिंकली. मग तिचा जीव तुझ्यात अडकतो."

मला हसू आलं. ही तर खिडकी नंबर चार होती, फक्त हिरवं कापड अंथरलेली.

पहिल्या मंगळवारी अंडी खाऊन मी सिल्व्हर म्यूलच्या दहा वाजताच्या टेबलावर बसलो. पत्ते वाटत होती मायते इरिगाराय. पन्नाशीची, शांत चेहऱ्याची, युरोपातून आलेल्या बास्क मेंढपाळांच्या घरातली बाई; छातीवरच्या पट्टीवर नाव आणि खाली गाव, गार्डनरव्हिल. शेवटची खुर्ची रिकामी होती, ती मी घेतली. ती का रिकामी होती ते शेजारच्या व्हेल्डाने सांगितलं. व्हेल्डा ऐंशीची, नाकात प्राणवायूची नळी, बाटली चाकांच्या गाडीवर. ती त्या टेबलावर माझ्या निवृत्तीच्याही आधीपासून असावी.

"तिथे बसायला डोकं लागतं," ती म्हणाली. "तुझ्यानंतर वाटणारीचीच पाळी. तू नको ते पान उचललंस की सगळ्या टेबलाचं वाटोळं."

मी दुसऱ्याच डावात नको ते पान उचललं. व्हेल्डाने नळी सारखी केली. "ते चित्राचं पान, म्हणजे दहा, तिचं होतं. ती मेली असती, आपण सगळे जिंकलो असतो. तू खाल्लंस ते."

"कुठलं पान येणार, ते मला काय माहीत?"

"कुणालाच माहीत नसतं. म्हणूनच घ्यायचं नसतं."

या उत्तरावर मी अजूनही अधूनमधून विचार करतो.

अर्ध्या तासाने मी एक डाव जिंकलो, आणि त्याच क्षणी मायतेने माझ्याकडे बघून टाळी वाजवली. मग दोन्ही तळवे उघडून दाखवले. शहरात उभा जन्म काढूनही असा सन्मान मला कुठल्याच टेबलावर मिळाला नव्हता. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा कचेरीत केक कापून लोक जागेवर गेले होते. मी खुर्चीतून उठलो आणि कमरेत वाकलो.

"खाली बस," व्हेल्डा म्हणाली. "तिची सुट्टीची वेळ झाली. हातात चकती लपवली नाही हे वरच्या कॅमेऱ्याला दाखवतेय. प्रत्येक वेळी दाखवतात."

मी बुटाची लेस बांधायला वाकलो होतो असं दाखवलं. माझ्या बुटांना लेस नव्हती.

पण मर्जीचं काम मात्र पहिल्याच दिवशी जमलं, याबद्दल माझी खात्री होती. कारण मायतेची एक गोष्ट माझ्या लगेच लक्षात आली. इतरांची पानं ती झपझप वाटायची. माझी बेरीज पंधरा-सोळा झाली, की तिचा हात पानांच्या डब्यावर थांबायचा. ती माझ्याकडे बघायची. हळूच म्हणायची, "तुमचे सोळा. माझं सहा." आणि थांबायची. मला भरून यायचं. या गर्दीत एक माणूस माझ्यासाठी थांबतो आहे. 'घ्या, टिल्ब्री, बिनधास्त घ्या, मी आहे ना,' असंच ते डोळे म्हणत होते. मी बोटाने टेबलावर टकटक करायचो, म्हणजे आणखी एक पान द्या. पान यायचं दहाचं.

"सव्वीस," मायते म्हणायची. आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसा आवाज काढून म्हणायची.

तिच्या नावाने लावलेली चकतीही माझ्याबरोबरच जायची. "थँक यू, मिस्टर टिल्ब्री," ती दरवेळी म्हणायची. पाचव्या मंगळवारी व्हेल्डाने सांगितलं की जिंकली असती तरी ती चकती एकट्या मायतेला मिळालीच नसती. बक्षिशी सगळी एका पेटीत जाते आणि तिथल्या सगळ्या वाटणाऱ्यांत सारखी वाटतात. म्हणजे माझी सद्भावना चाळीस जणांत विभागली जात होती, आणि त्यांत माझ्याकडे बघून जांभई देणारा एक मिशाळ इसमही होता. हे मला पटलं नाही. मर्जी ही अशी सरकारजमा करायची गोष्ट नव्हे.

चिठ्ठी काही येत नव्हती. साहेब, म्हणजे प्रुइट नावाचा चष्मेवाला सुपरवायझर, मागून फिरायचा आणि माझ्याकडे बघून निघून जायचा. आर्डिथला मी मंगळवारी वाचनालयात जातो असं सांगत होतो. नवव्या मंगळवारी मी ठरवलं, आता पेटीत न जाणारं काहीतरी थेट मायतेच्या हातात द्यायचं.

आर्डिथ दर उन्हाळ्यात डोंगरातून रानचेरी आणते आणि तिची जेली करते. आंबट, तुरट, गडद जांभळी. त्या वर्षी जत्रेच्या स्पर्धेसाठी तिने सहा बाटल्या फडताळात वर ठेवल्या होत्या. सहा आणि पाच यांत लांबून फरक दिसत नाही. मी एक तपकिरी कागदी पिशवीत घातली.

आता, त्या टेबलावर हातातून हातात काही म्हणजे काही द्यायचं नसतं. चकत्या घ्यायच्या तर नोटसुद्धा कापडावर ठेवायची, मग ती उचलते. हे मी नऊ आठवडे बघत होतो. पण ते नोटांचं झालं. जेली ही घरची गोष्ट. मी पिशवी पुढे केली. मायते एक पाऊल मागे सरली.

"परत घ्या, मिस्टर टिल्ब्री."

"घ्या हो. घरचं आहे."

"हात जोडते, परत घ्या."

आमच्या खिडक्यांमागचे लोकही आधी नाहीच म्हणायचे. मी टेबलावर ओणवा झालो आणि पिशवी तिच्या हातात कोंबली. तिने दोन्ही हात वर केले आणि पिशवी कापडावर पडली. व्हेल्डाच्या प्राणवायूच्या बाटलीचा सुस्कारा तेवढा ऐकू येत होता.

प्रुइट आला. त्याने पेन्सिलीच्या टोकाने पिशवी उघडून आत बघितलं आणि मला कोपऱ्यातल्या मेजाशी नेलं. रागावला वगैरे नाही. "नियम आहे, साहेब. भेटवस्तूचा फॉर्म भरावा लागतो."

फॉर्म म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. इतके आठवडे मी परक्या मुलखात होतो, आता घरी आलो. देणाऱ्याचं नाव. वस्तू. अंदाजे किंमत. चौथा रकाना, घेणाऱ्याशी संबंध. पाचवा, कशाच्या बदल्यात.

"चार आणि पाच रिकामे सोडले तरी चालतील," प्रुइट म्हणाला.

रिकामे सोडले तरी चालतील. एकतीस वर्षांत मी रिकामा रकाना असलेला एकही फॉर्म खिडकीच्या आत येऊ दिला नव्हता. लग्नाची अंगठी विसरावी पण रकाना विसरू नये, अशा निष्ठेने मी जगलो होतो. मी पेन घेतलं आणि चौथ्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'परस्पर सद्भावना'. पाचव्यात लिहिलं, 'खेळताना माझ्या पानांबाबत तिने वेळोवेळी केलेल्या मौल्यवान सूचनांच्या बदल्यात'. 'मौल्यवान'खाली रेघ मारली.

प्रुइटने ते दोनदा वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि थांबला. "नक्की असंच लिहायचंय?"

"नक्की," मी म्हणालो आणि सही ठोकली.

दहाव्या मंगळवारी टेबलावर मिशाळ इसम उभा होता. मी व्हेल्डाला विचारलं, मायते कुठे?

"घरी पाठवली. चौकशी बसलीय. म्हणे पालथं पान बघून कुणाला तरी खुणा करत होती. कुणीतरी सहीनिशी लिहून दिलंय." तिने माझ्याकडे बघितलं. "बावीस वर्षं वाटतेय ती इथे. दोष लागला तर पोलीस तिचं कामाचं परवाना-कार्ड काढून घेतील. ते गेलं की या गावात कुठल्याच टेबलावर उभं राहता येत नाही."

"कुणी लिहून दिलं?" मी विचारलं.

"असेल कुणीतरी गाढव," व्हेल्डा म्हणाली आणि पानं उचलली.

घरी जाऊन मी आर्डिथला सगळं सांगितलं. म्हणजे मंगळवार मात्र दोनच सांगितले. ती सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे सहावी बाटली तू नेलीस. मी चार दिवस मांजराशी बोलत नव्हते." मग तिने फडताळाचं दार लावलं. "ऑरिन, एका खिडकीसाठी तू त्या बाईची भाकरी काढलीस. जा आणि तिला भेट."

ड्वेनचा सल्ला वेगळा होता. "तोंड उघडू नकोस. तूच म्हणालास की ती सूचना करायची, तर तूही यात आलास. नाव काळ्या यादीत गेलं की म्यूलमध्ये नाश्तासुद्धा मिळायचा नाही." नाश्त्याचा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता, ही लाजेची गोष्ट मी इथे लिहून ठेवतो.

मायते तिच्या भावाच्या खानावळीत सापडली. रेल्वे रुळांजवळची बास्क खानावळ. लांबच लांब बाकं, ओळखीचे-अनोळखी सगळे एका ओळीत, सूपचं पातेलं या टोकाहून त्या टोकाला सरकतं. ती पळी घेऊन वाढत होती. मला बघून तिने माझ्यापुढे वाडगा ठेवला आणि समोर बसली.

"तुम्ही तो रकाना रिकामा का नाही सोडलात?"

"मला येत नाही," मी म्हणालो. ते खरं होतं.

ती थोडीशी हसली. हसली म्हणून मला जास्तच वाईट वाटलं. "गुरुवारी ते वरच्या कॅमेऱ्याच्या सगळ्या फिती लावून बघणार आहेत. तुम्हाला बोलावतील. एकच विचारतील, माझ्या खुणा तुम्हाला कळत होत्या का."

"कळत होत्या की," मी म्हणालो. "तुम्ही मला धीर देत होता. पान घ्या म्हणून."

तिने पळी खाली ठेवली. "पान घ्या म्हणून?"

"थांबून. बघून."

"मिस्टर टिल्ब्री, माझं सहा असताना बहुतेक मीच मरते, तेव्हा सोळावर पान कुणी घेत नाही. माझा दहा वर्षांचा भाचा घेत नाही. मी थांबत होते, ते तुम्ही थांबावं म्हणून."

"मग तोंडाने का नाही सांगितलंत?"

"आमच्याकडे वाटणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, असा नियम आहे. म्हणून नुसतं बघायचं आणि थांबायचं. शहाण्याला कळतं."

मी चमचा वाडग्यात ठेवला. चार नंबरची खिडकी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि पहिल्यांदाच मी तिच्या बाहेरच्या बाजूला होतो. एकतीस वर्षं ज्यांना मी मनात नाव ठेवलं होतं ते सगळे लोक माझ्यामागे रांगेत उभे होते आणि सरकून मला जागा करून देत होते.

"पण माझ्यासाठीच का थांबत होता?" मी जरा वेळाने विचारलं.

"तुम्ही बेरीज करताना ओठ हलवता. माझे वडील मेंढ्या मोजताना असेच हलवायचे. मध्ये कुणी घाई केली, की त्यांचा आकडा चुकायचा आणि ते पुन्हा पहिल्यापासून मोजायचे." ती उठली. "सूप गार होतंय. आणि गुरुवारी खरं तेच सांगा. माझ्यासाठी खोटं बोलू नका."

गुरुवारी माझ्याबरोबर आर्डिथ आली. ड्वेनही आला, माझ्या स्वभावाचा दाखला द्यायला, न बोलावता. चौकशीची खोली तळघरात होती. भिंतभर पडदे, मेजामागे मिसेस ग्रूब नावाची करड्या केसांची बाई, बाजूला प्रुइट, कोपऱ्यात मायते, हात मांडीवर ठेवून. मेजावर माझी जेली, गळ्यात नंबराची चिठ्ठी.

"नऊ मंगळवारच्या फिती आहेत," मिसेस ग्रूब म्हणाली.

"नऊ?" आर्डिथ म्हणाली.

पडदा सुरू झाला. स्वतःला वरून बघण्याचा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. मला टक्कल आहे हे ठाऊक होतं, पण ते इतकं सर्वमान्य आहे हे ठाऊक नव्हतं. मायतेचा हात थांबतो. ते टक्कल किंचित हलतं. बोट येतं, टकटक. पान. चकती जाते. पुन्हा थांबणं, पुन्हा टकटक. दहाव्या वेळेनंतर ड्वेन खुर्चीत चुळबुळ करायला लागला. विसाव्या वेळी प्रुइट छताकडे बघत होता. मध्येच माझं ते उठून वाकणंही आलं.

"इथे काय करताय?" मिसेस ग्रूबने विचारलं.

"बुटाची लेस."

तिने चित्र मोठं केलं. "लेस दिसत नाही."

आर्डिथने रुमाल तोंडाला लावला. रडण्यासाठी नव्हे, हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

दिवे लागले. मिसेस ग्रूबने कागद सारखे केले. "एकूण त्रेचाळीस वेळा वाटणारी थांबली. त्रेचाळीस वेळा तुम्ही पान घेतलंत. आता माझ्यापुढे दोन शक्यता आहेत, मिस्टर टिल्ब्री. एक, तुमची दोघांची मिलीभगत आहे. संशय येऊ नये म्हणून तुम्ही आधी नऊ आठवडे मुद्दाम हरत होता आणि मोठा हात पुढे मारणार होता. फार थंड डोक्याची, फार हुशार माणसं असं करतात. मी माझ्या नोकरीत अशी दोनच बघितली आहेत." ती थांबली. "दुसरी शक्यता..." तिने वाक्य पुरं केलं नाही. सभ्य बाई होती.

ड्वेन माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, जशी मी कुंपणापलीकडून कधी बघितली नव्हती. "बाप रे, ऑरिन," तो कुजबुजला, "तू?" आणि हा 'तू' बटाट्यांच्या वेळच्या 'तू'सारखा मुळीच नव्हता. खरं सांगतो, दोन क्षण मी त्यात बसलो. उबदार होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी मी धोकादायक वाटत होतो.

मग मी कोपऱ्यात बघितलं. मायते माझ्याकडेच बघत होती. काही सुचवत नव्हती. माझी बेरीज व्हायची वाट बघत होती.

"दुसरी," मी म्हणालो.

"नीट सांगा."

"ती मला थांबवत होती. मला ते कळलं नाही. मला वाटलं, ती मला पान घ्यायला सांगतेय. फॉर्ममध्ये मी लिहिलं ते माझ्या समजुतीने लिहिलं आणि माझी समजूत तुम्ही आत्ता पडद्यावर बघितलीत."

"लेखी द्यावं लागेल," मिसेस ग्रूब म्हणाली आणि फॉर्म पुढे सरकवला. नाव, पत्ता, तारीख. सहावा रकाना होता, 'खेळाडूची खेळातली जाण'. मी पेन टेकवलं, तशी ती हळूच म्हणाली, "हा रिकामा सोडला तरी चालेल."

आर्डिथ खांद्यावरून वाकून बघत होती. ड्वेन मान लांब करून बघत होता, म्हणजे संध्याकाळपर्यंत आख्ख्या गल्लीला कळणार होतं. मी रकान्यात एकच शब्द लिहिला. एकतीस वर्षं इतरांसाठी जपून ठेवलेला. सुवाच्य अक्षरात, आणि खाली रेघ मारली.

शनिवारी निकालाचं पत्र आलं. ते मी जपून ठेवलं आहे. 'वाटणाऱ्या कर्मचारी महिलेची सद्भावना सिद्ध होते. खेळाडूला तिचा कोणताही लाभ घेता आल्याचं सिद्ध होत नाही. कर्मचारी महिलेला कामावर रुजू करून घ्यावं.' सोबत जेलीची बाटली, निम्मी रिकामी, आणि एक चिठ्ठी: 'तपासणीत खर्च'. आर्डिथने ती चिठ्ठी फडताळाच्या दाराला चिकटवली. जत्रेतल्या कुठल्याही बक्षिसापेक्षा तिला ती मोठी वाटते.

लग्नाचा वाढदिवस मंगळवारी आला. चिठ्ठी मला मिळाली, खोटं कशाला बोलू. मायतेने प्रुइटच्या कानात शब्द टाकला आणि प्रुइटने लिहून दिली, पण वरचा मजला मंगळवारी बंद असतो. म्हणून ती होती दोन नाश्त्यांची, तळमजल्यावरची, खिडकी नसलेली. "नऊ मंगळवारांचे दोन नाश्ते," आर्डिथ म्हणाली आणि माझ्या ताटातलं एक अंडंही तिने घेतलं. रात्रीचं जेवण तिनेच आधी ठरवून ठेवलं होतं, रुळांजवळच्या खानावळीत, लांब बाकावर.

नाश्त्यानंतर ती म्हणाली, "एक डाव खेळ. मला प्रत्यक्ष बघायचंय."

मी शेवटच्या खुर्चीत बसलो, आर्डिथ मागे उभी राहिली. व्हेल्डाने नळी सारखी केली. मायतेने पानं वाटली. मला दहा आणि सहा. तिच्यापुढे उघडं सहा.

"तुमचे सोळा," ती म्हणाली. "माझं सहा." आणि थांबली.

माझं बोट कापडाच्या वर आलं होतं. नऊ आठवड्यांची सवय. टेबलावरचे सगळे त्या बोटाकडे बघत होते. ओठ हलवून मी बेरीज केली, मग पुन्हा एकदा केली. कुणी घाई केली नाही. मी तळवा पालथा केला आणि हवेत आडवा फिरवला, म्हणजे नको.

मायतेने तिचं पालथं पान उलटलं. दहा. तिचेही सोळा. नियमाप्रमाणे तिने आणखी एक पान काढलं. पाच निघालं. एकवीस.

तिने माझी चकती उचलली, पण आजाऱ्याच्या खोलीतला आवाज काढला नाही.

"बरोबर खेळलास," व्हेल्डा म्हणाली.

"हरलो की."

"ते वेगळं."

तेवढ्यात मिशाळ इसम मायतेच्या मागे येऊन उभा राहिला. तिची सुट्टीची वेळ झाली होती. तिने माझ्याकडे बघून टाळी वाजवली आणि दोन्ही तळवे उघडून दाखवले. ते वरच्या कॅमेऱ्यासाठी असतं, प्रत्येक वेळी दाखवतात, हे मला आता पक्कं ठाऊक होतं. तरी मी खुर्चीतून उठलो आणि कमरेत वाकलो.

"लेस सुटली का?" आर्डिथने विचारलं.

"हो," मी म्हणालो.